भाडेकरू म्हणून माझं नाव

फॉर्मवर एक रकाना असतो, "आधीचं घर सोडण्याचं कारण". जेमतेम दोन बोटं जागा. तिथं काय लिहायचं यावर मी आणि नवरा एका रात्री दीड तास बसलो होतो, फोनचा टॉर्च लावून, कारण मोठा लाइट लावला की सासूबाईंना जाग यायची आणि आम्ही पाचजण तेव्हा नणंदेकडे एका खोलीत होतो. तो म्हणाला, बदली झाली असं लिही. म्हटलं स्वतःच्या धंद्यातून बदली कशी होते, कुणी विचारलं तर काय सांगू. मग म्हणाला वैयक्तिक कारण लिही. ते लिहिलं आणि खोडलं, कारण वाचणाऱ्याला लगेच वाटणार की हे काहीतरी लपवतायत, आणि आम्ही लपवतच होतो. शेवटी रकाना रिकामा ठेवून फॉर्म दिला. दुसऱ्या दिवशी सकाळी एजंटचा फोन, "ताई, एक रकाना राहिलाय बघा."

धंदा कसा बुडाला ते फार लांबवत नाही. अकरा वर्षं नीट चालला, मग एका मोठ्या गिऱ्हाइकाकडे पैसे अडकले, ते येतील या भरवशावर कर्ज काढलं, त्या कर्जाचा हप्ता भरायला दुसरं कर्ज काढलं, आणि राहतं घर तारण होतं. हे असं एका वाक्यात मावतं याचं मला आजही नवल वाटतं, कारण ते घडत होतं तेव्हा दोन वर्षं आम्ही रोज सकाळी उठून आज काहीतरी होईल म्हणत होतो. झालं ते हे की नवऱ्यानं दिवाळखोरीचा अर्ज केला, घर गेलं, आणि कोर्टाचे कागद ज्या निळ्या फाइलीत होते ती फाइल घेऊन आम्ही नणंदेच्या दारात उभे राहिलो.

आपल्याकडे या सगळ्याला एक छोटा शब्द आहे, पत. बँक पत बघते म्हणजे क्रेडिट बघते, आणि माणसाची पत गेली म्हणजे अब्रू गेली. दोन्हीला एकच शब्द. पूर्वी हे कधी डोक्यात आलं नव्हतं. घर शोधायला लागल्यावर आलं, कारण समोरचा आकडा विचारत होता आणि मला दर वेळी वाटत होतं की तो दुसरंच काहीतरी विचारतोय.

आधी आम्ही चुकीच्या ठिकाणी गेलो. मोठ्या कंपन्यांच्या मालकीच्या भाड्याच्या बिल्डिंग असतात ना, चकचकीत लॉबीवाल्या, तिथं अर्ज ऑनलाइन. मला वाटलं माणसासमोर बसून लाज वाटण्यापेक्षा हे बरं. नवऱ्याचं नाव, जन्मतारीख, उत्पन्न सगळं भरलं आणि काही मिनिटांत उत्तर आलं, सॉरी. तिथं माणूस नव्हताच, सॉफ्टवेअर होतं, त्याला अमुक क्रेडिट स्कोअरच्या खाली नको असं सांगून ठेवलेलं असतं, आणि त्याला तुम्ही काय सांगणार. अशा तीन ठिकाणी फी भरून तीन सॉरी घेतले. नंतर कळलं की काही ठिकाणी असं प्रत्येक चेकिंग तुमच्या क्रेडिट रिपोर्टवर हार्ड इन्क्वायरी म्हणून, म्हणजे पत तपासल्याची नोंद म्हणून, उमटतं आणि ढासळलेला स्कोअर आणखी थोडा ढासळतो. म्हणजे घर शोधता शोधताच घर लांब जातं. हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, म्हणून इथे सांगते, दिवाळखोरीची नोंद असेल तर दिसेल तिथं अर्ज टाकत सुटू नका, आधी तोंडी विचारा की तुम्ही क्रेडिट रिपोर्ट बघता का, बघत असाल तर काय बघता.

घरमालकांवर माझा राग नाही. तेव्हा होता, आता नाही. भाडं थकवणाऱ्याला घराबाहेर काढायला कितीतरी महिने जातात, कोर्टकचेरी होते, आणि पुष्कळ मालक स्वतःच त्या घराचा हप्ता भाड्यातून भरत असतात. आमच्याच धंद्यात आम्ही नवीन गिऱ्हाइकाला उधारीवर माल देताना दहा ठिकाणी चौकशी करायचो की. मग आमच्याबद्दल कुणी केली तर चुकलं काय.

रात्री झोप यायची नाही तेव्हा मी वाचत बसायचे, कुठल्या देशात काय नियम आहेत ते. एक गोष्ट सगळीकडे सारखी दिसली. कायदा लवकर सोडतो, कागद सोडत नाही. ब्रिटनमध्ये दिवाळखोरीतून साधारण १२ महिन्यांत माणूस सुटतो, पण क्रेडिट रिपोर्टवर ती नोंद ६ वर्षं राहते. अमेरिकेत चॅप्टर ७ म्हणतात त्या प्रकारात कर्जमुक्तीचा आदेश बहुतेक वेळा काही महिन्यांतच येतो आणि रिपोर्टवर मात्र ते १० वर्षांपर्यंत दिसत राहतं. आपला आकडा कोणताही असो, सुटका आणि नोंद पुसली जाणं यांच्यामध्ये जी वर्षं असतात त्या वर्षांत माणसाला कुठेतरी राहायचं असतं. एकटा असेल तर मित्राकडे गादी टाकून काढेल. आमची मोठी बारा वर्षांची, धाकटा सात, सासूबाईंचे गुडघे गेलेले, जिने चढवत नाहीत. आम्हाला लिफ्ट नाहीतर तळमजला किंवा फार तर एक जिना हवा होता, मुलांच्या शाळा बदलायच्या नव्हत्या कारण त्यांचं बाकी सगळं बदललं होतं, आणि मला स्वतःला एक दार हवं होतं. खोलीचं दार. जे लावून घेऊन मी आणि नवरा हळू आवाजात का होईना पैशाचं बोलू शकू. नणंदेकडे आम्ही ते जिन्यात उभं राहून बोलायचो.

दाराचं आणखी एक आहे आणि ते लिहिताना अजून हात थांबतो. जुन्या घरात शेवटच्या वर्षी बेल वाजली की वसुलीवाले असायचे. सगळेच उद्धट नव्हते, पण धाकट्याला ते काय कळणार. बेल वाजली की तो टीव्हीचा आवाज बंद करायचा, आपण होऊन, कुणी न सांगता, आणि सोफ्याच्या मागे जाऊन बसायचा, मोठी त्याच्या शेजारी. दोघं श्वाससुद्धा दबकत घ्यायची. मी एकदा स्वयंपाकघरातून पाहिलं, मोठीनं त्याच्या तोंडावर हात ठेवला होता आणि तो हात त्यानं स्वतःच घट्ट धरून ठेवला होता. नवं घर बघताना एजंट खिडक्या, पाणी, पार्किंग दाखवायचे आणि माझं लक्ष आधी दाराकडे जायचं.

सगळे म्हणायचे एखादा चांगला जामीनदार आणा, काम होईल. खरं आहे, जामीनदार असला तर बऱ्याच मालकांना बाकीचं चालतं. आमच्याकडे एक होता. माझे धाकटे दीर. त्यांची नोकरी पक्की, रिपोर्ट स्वच्छ. म्हणजे होता. धंद्याच्या एका कर्जाला तेच जामीन राहिले होते. आणि लोकांना हे माहीत नसतं, आम्हालाही नव्हतं, की मुख्य कर्जदार दिवाळखोरीतून सुटला तरी जामीनदार आपोआप सुटत नाही, बँक त्याच्याकडे जाते. नवऱ्याचं देणं कागदावर संपलं आणि त्याच महिन्यापासून भावोजींच्या पगारातून हप्ता जायला लागला. ते एका शब्दानं बोलले नाहीत. उलट घराचं कळल्यावर स्वतःच फोन केला, "वहिनी, कुठं सही करायची ते सांगा, मी येतो." मी म्हटलं नको भावोजी, मिळालं घर. मिळालं नव्हतं. पण त्या माणसाची सही आम्ही एकदा वापरून झाली होती.

याच दिवसांत फसायचीही वेळ आली होती. फोटोत सुंदर घर, भाडं जरा कमीच, आणि खाली लिहिलेलं, क्रेडिट चेक नाही. माझ्यासारखीला ते वाचून रडू यायचं बाकी होतं. मालक परदेशात आहे, किल्ली कुरियरनं येईल, आज टोकन पाठवलं तर घर तुमचं. मी पैसे पाठवायला अ‍ॅप उघडलं होतं. मोठी शेजारी अभ्यास करत होती, ती म्हणाली, "आई, पण आपण आतून बघितलंय कुठं?" तेवढ्यानं वाचलो. असे लोक बरोबर आमच्यासारख्यांनाच शोधत असतात, ज्यांना चार ठिकाणी नाही म्हटलंय आणि ज्यांना प्रश्न न विचारणारा माणूस देवासारखा वाटतो. घर आतून पाहिल्याशिवाय, मालकी कुणाची आहे याची खात्री केल्याशिवाय आणि हातात पावती आल्याशिवाय एक पैसाही देऊ नका, कितीही घाई असली तरी.

आता नावाचं सांगते. आमचे सगळे अर्ज नवऱ्याच्या नावानं जात होते. का, तर नेहमी जातात म्हणून. माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मग एका रात्री असंच वाचताना रेम्ब्रांटचं सापडलं. चित्रकार म्हणून नाव ऐकलेलं, पण तो दिवाळखोर झाला होता हे माहीत नव्हतं. त्यानं अ‍ॅमस्टरडॅममध्ये १६३९ साली मोठं घर घेतलं होतं, त्याचे पैसे फिटता फिटेनात, १६५६ मध्ये त्यानं हात वर करून सगळी मालमत्ता हवाली केली. सरकारी माणसांनी घरात फिरून यादी केली, ३६३ नोंदींची, खोलीवार, चित्रं, पुतळे, खुर्च्या, आणि धुवायला दिलेले शर्ट न् रुमालसुद्धा. ते धुवायला दिलेले कपडे वाचून मी फोन खाली ठेवला. आमच्याकडे यादी करायला आले होते तेव्हा दोरीवर कपडे वाळत होते आणि मी धावत जाऊन ते काढले होते, का ते मला सांगता येणार नाही.

त्याचं घर १६५८ मध्ये विकलं गेलं आणि ते कुटुंब रोझनग्राख्त नावाच्या भागात भाड्याच्या घरात राहायला गेलं. तो, त्याची जोडीदार हेंड्रिक्ये, मुलगा टिटस आणि छोटी कॉर्नेलिया. आणि १६६० मध्ये त्यांनी काय केलं, हेंड्रिक्ये आणि टिटसनं मिळून चित्रं विकायची कंपनी काढली आणि रेम्ब्रांटला त्यांच्याकडे कामाला ठेवलं. म्हणजे चित्रं तो काढणार, कंपनी यांच्या नावावर, आणि बदल्यात त्याला राहायला जागा आणि जेवण, तसं करारातच लिहिलेलं. धनकोंचा हात त्याच्या नव्या कामापर्यंत पोचू नये म्हणून. एवढा मोठा माणूस, आणि घरात राहायचा तो जोडीदार आणि मुलाच्या कराराखाली. त्याची म्हातारपणाची चित्रं, ज्यांना आज जग डोक्यावर घेतं, ती त्या भाड्याच्या घरातली आहेत, १६६९ मध्ये तो गेला तोही तिथंच.

सकाळी मी नवऱ्याला म्हटलं, भाडेकरू म्हणून माझं नाव घालू या.

दिवाळखोरी माणसाची असते, नवरा-बायकोची एकत्र नसते, दोघांनी मिळून कर्ज घेतलं असेल तर ते देणं मात्र दुसऱ्यावर राहतं. आणि माझी सही त्या कर्जांवर नव्हती ती काही शहाणपणानं नव्हे. पहिले मोठे कागद झाले तेव्हा धाकटा पोटात होता आणि मी हॉस्पिटलात होते, म्हणून बँकेनं एकट्याच्या सहीवर घेतलं, पुढे तेच चालू राहिलं. मी तेव्हा एका ऑफिसात अकाउंट्सला लागून आठ महिने झाले होते. आठ पगाराच्या स्लिपा होत्या. म्हणजे आमच्या घरात पत उरलेलं एकच नाव होतं आणि ते आम्ही कुठं लिहिलंच नव्हतं.

तो लगेच काही बोलला नाही. बूट घातले, लेस बांधली, सोडली, परत बांधली. मग म्हणाला, "मग माझं काय लिहितील?" म्हटलं, सोबत राहणारे. तो बरं म्हणाला आणि गेला.

इथे एक स्पष्ट करते, माझं नाव पुढे करून त्याचं लपवायचं असं मी ठरवलं नव्हतं. काही जण सुचवायचे, त्याचं सांगूच नका, तो राहतो कुठे कळणारही नाही. मला ते जमण्यासारखं नव्हतं. लपवून घेतलेल्या घरात परत बेलची भीती. म्हणून मी एक पानाचं पत्र लिहिलं. काय झालं, कधी झालं, आता देणं काय उरलंय, माझा पगार किती, भाडं देऊन महिन्याला हातात काय राहतं. कोर्टाच्या आदेशाची कॉपी, सहा महिन्यांचं बँक स्टेटमेंट, पगाराच्या स्लिपा. अडलं एका ठिकाणी. सगळे म्हणतात आधीच्या मालकाचं पत्र जोडा. आम्ही कुणाचे भाडेकरू नव्हतोच, स्वतःच्या घरात राहत होतो, त्यामुळे भाडं वेळेवर देतो हे सांगणारं कुणी नाही. मग मी निळी फाइल उपसली आणि पाच वर्षांची लाइट बिलं आणि शाळेच्या फीच्या पावत्या काढून तारखेनं लावल्या.

ते घर पाचव्या आठवड्यात सापडलं, एका ओळखीच्या बाईंकडून, जाहिरात न देता. पहिला मजला, एक जिना, सोपा. मालक रिटायर्ड, एकटे, मागच्याच गल्लीत राहणारे. मी पत्र आधीच पाठवलं होतं, कारण समोर बसून बोलताना माझा आवाज जातो. ते चष्मा लावून पत्र परत वाचत होते आणि आम्ही दोघं समोर.

"म्हणजे कर्ज बुडवलंत."

नवरा म्हणाला, "बुडालं, काका."

"फरक असतो?"

मी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "ज्यांचे पैसे गेले त्यांना नसतो." आमचे दोन छोटे सप्लायर होते, त्यांचेही गेले. त्यांची नावं तो झोपेत घेतो.

काका गप्प राहिले. मग त्यांनी बिलांचा गठ्ठा ओढला आणि एकेक उलटायला लागले, शाळेच्या पावत्यांवर जरा जास्त वेळ थांबले. एका पावतीवर बोट ठेवून म्हणाले, "ही जूनची. पत्रात तुम्ही लिहिलंय की नोटीस मेमध्ये आली."

"हो."

"तरी तारखेच्या आत भरलीय."

मी काही बोलले नाही, बोलता आलं नाही. त्या फीसाठी मी काय विकलं होतं ते नवऱ्यालाही तेव्हाच पहिल्यांदा कळत होतं.

"पगार कधी होतो?" काकांनी मला विचारलं.

"तीस तारखेला."

"मग भाडं एक तारखेला. डिपॉझिट नेहमीचंच द्या, जास्त नको, जास्त मागून तुम्ही पहिल्याच महिन्यात अडचणीत याल, मला काय उपयोग."

हे वाक्य मला अजून पुरतं. पुष्कळ मालक अशा वेळी दुप्पट डिपॉझिट, सहा महिन्यांचं भाडं आगाऊ असं मागतात आणि त्यांच्या बाजूनं ते बरोबरही असेल, पण ज्याच्याकडे काहीच उरलेलं नाही त्याच्याकडून सगळ्यात जास्त रोख मागायची, हे मला पटत नाही. काकांनी गणित केलं होतं. त्यांना डिपॉझिटपेक्षा दर महिन्याची एक तारीख महत्त्वाची होती.

करारावर भाडेकरू म्हणून माझं नाव. खाली "सोबत राहणाऱ्या व्यक्ती" असा तक्ता, त्यात सासूबाई, दोन मुलं आणि तो. वयाच्या क्रमानं लिहिलं होतं म्हणून सासूबाईंनंतर तो आणि मग मुलं. त्यानं पान हातात घेऊन स्वतःच्या नावाचं स्पेलिंग तपासलं, बरोबर आहे म्हणाला, आणि पेन माझ्याकडे दिलं. किल्ली मिळाल्यावर खाली उतरताना म्हणाला, "दार तू उघड." बाकी त्या दिवसाचं मला फार आठवत नाही, सामान इतकं थोडं होतं की दोन फेऱ्यांत झालं. एवढं मात्र केलं, सामान लावायच्या आधी प्रत्येक खोलीचे फोटो काढले, भिंतीवरची ओल, बाथरूमचा हललेला नळ, सगळं, आणि काकांना पाठवलं. पुढे वाद नको. कागदाचं महत्त्व आम्हाला कुणी शिकवायला नको होतं.

भाडं एक तारखेला आपोआप जातं, मी तशी सूचनाच देऊन ठेवलीय बँकेत, तरी पहिलं वर्षभर एक तारखेला पहाटे उठून मी फोनवर बघायचे गेलं का. पावत्या त्याच निळ्या फाइलीत. कोर्टाचे कागद तळाला गेले.

परवा करार रिन्यू करायला काका आले. नेहमीसारखा आधी फोन, "येतोय पाच मिनिटांत." ते नेहमी असंच करतात, गल्लीच्या पलीकडून यायचं असलं तरी फोन करून येतात, आणि मला वाटायचं जुनी माणसं, रीतभात पाळतात. बेल वाजली, धाकटा पळत गेला, दार उघडलं, "काका आले", परत पळत आत. काका बुटांसकट उंबऱ्यातच थांबून त्याच्याकडे बघत राहिले.

सह्या झाल्यावर म्हणाले, "तुम्ही राहायला आलात त्याच आठवड्यात मी जास्तीची किल्ली द्यायला आलो होतो. बेल वाजवली तर आतला टीव्ही बंद झाला. बोलत होता कुणीतरी, ते पण थांबलं. मी थोडा वेळ उभा राहिलो. दुसऱ्या दिवशी परत आलो, परत तसंच. तुमच्या पत्रात वाचलं होतं वसुलीवाल्यांचं. मग म्हटलं आपण आधी फोन करत जाऊ."